22 जून: फुटबॉलच्या इतिहासातला रेफरीचा दिवस

एका तरुण प्रशिक्षकांनी विचारलं आहे: "आमच्या तालमीतल्या 12 ते 16 वयाच्या पोरांशी 22 जूनला तासभर बोलायचं ठरवलंय. त्या दिवशी मॅराडोनाने हाताने गोल केला हे पोरांना पाठ आहे. त्यापलीकडे त्या तारखेला फुटबॉलमध्ये सांगण्यासारखं काही घडलंय का, की तेवढ्यावरच भागवू?"

तासभर कमी पडेल इतकं घडलंय. मी 26 वर्षं जिल्ह्याच्या आणि राज्याच्या सामन्यांत शिट्टी वाजवली, आता नव्या रेफरींना शिकवतो. माझ्या वर्गात 22 जून ही तारीख मी मुद्दाम फळ्यावर लिहितो. या एकाच तारखेला वेगवेगळ्या वर्षी रेफरीच्या कामाचे जवळजवळ सगळे प्रसंग येऊन गेले आहेत. कुणाला दिसलं नाही, कुणाला चुकीचं दिसलं, कुणी चुकीचं लिहून ठेवलं, आणि एकाने पुन्हा पाहून निर्णय बदलला. पोरांना गोलांची यादी सांगण्यापेक्षा या चष्म्यातून सांगा, जास्त लक्षात राहील.

सुरुवात मॅराडोनापासूनच करा, पण घड्याळापासून करा. 22 जून 1986, रविवार. मेक्सिको सिटीचं अझ्टेका स्टेडियम, 1,14,580 प्रेक्षक, वर्ल्ड कपची उपांत्यपूर्व फेरी, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. सामना तिथल्या वेळेनुसार भर दुपारी 12 ला सुरू झाला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. म्हणजे दुसऱ्या हाफमध्ये, 51व्या मिनिटाला मॅराडोनाचा हात बॉलला लागला, तेव्हा आपल्या घड्याळात 23 जून उजाडून अर्धा तास झाला होता. मी तेव्हा आठवीत होतो, शेजारच्या घरी खाली सतरंजीवर बसून तो सामना पाहिला. माझ्या आठवणीत तो गोल सोमवारचाच आहे. दिनविशेष सांगताना तारीख नेहमी मैदानावरची धरा.

आता तो क्षण. मॅराडोनाने सहकारी वाल्दानोकडे बॉल दिला, तो नीट बसला नाही, इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने तो मागे आपल्याच गोलकीपरकडे उंच उडवला. बॉल हॉजच्या पायावरून आल्यामुळे ऑफसाइडचा, म्हणजे सहकाऱ्याने पास देताना बचाव करणाऱ्यांच्या पलीकडे असण्याचा, प्रश्नच नव्हता. गोलकीपर पीटर शिल्टन सहा फुटी, त्यातून त्याला हात वापरायची मुभा. मॅराडोना 5 फूट 5 इंच. दोघं एकदम उडाले आणि मॅराडोनाने डाव्या मुठीने बॉल आत ढकलला. उडी इतकी बेमालूम होती, मूठ डोक्याला इतकी चिकटलेली होती, की मागून पाहणाऱ्याला हेडच वाटावा.

मागून पाहणारे होते ट्युनिशियाचे रेफरी अली बिन नासर. त्यांना शंका आली. त्यांनी कडेला झेंडा घेऊन उभ्या लाइनमनकडे (आजच्या भाषेत सहायक रेफरीकडे), बल्गेरियाच्या बोगदान दोचेव यांच्याकडे पाहिलं. झेंडा वर गेला नाही. गोल दिला गेला. बिन नासर पुढे मुलाखतींतून सांगत राहिले की सहकारी जास्त चांगल्या जागी असेल तर त्याचं म्हणणं मानायचं, अशी फीफाची सूचना होती, आणि ती मी पाळली. दोचेव सांगत राहिले की काहीतरी खटकलं होतं, पण त्या काळी लाइनमनने रेफरीशी निर्णयावर चर्चा करायची पद्धत नव्हती. दोघांचंही म्हणणं मला खरं वाटतं, म्हणूनच हा प्रसंग मला आजही अस्वस्थ करतो. एक जण दुसऱ्याच्या खुणेची वाट पाहतोय आणि दुसरा समजतोय की ठरवायचं काम पहिल्याचं. त्या काळी लाइनवर उभे राहणारेही एरवी स्वतः रेफरीच असत आणि त्या दिवशीचे तिघे तीन वेगवेगळ्या देशांचे होते. आज कानात यंत्र असतं, सहायक रेफरी वेगळे तयार होतात आणि बहुधा एकाच देशाचे तिघं वर्षानुवर्षं बरोबर काम करतात.

मलाही हा अनुभव आला आहे. एका तालुक्याच्या गावी भर पावसात फायनल होती. कॉर्नरवर बॉल बचाव करणाऱ्या एका खेळाडूच्या हाताला लागला, असं निम्मं मैदान ओरडलं. मला फक्त चार पाठी दिसल्या. मी लाइनमनकडे पाहिलं, तो माझ्याकडे पाहत होता. मी खेळ चालू ठेवला आणि पेनल्टी द्यायची राहिली. सामन्यानंतर तो मला म्हणाला, "सर, मला दिसलं होतं, पण तुम्ही जवळ होता." तेव्हापासून प्रत्येक सामन्याआधी मी लाइनमनना बाजूला घेऊन सांगायचो: मी तुझ्याकडे पाहिलं, याचा अर्थ मला दिसलेलं नाही.

पोरांना हेही सांगा की त्याच बिन नासर यांनी चारच मिनिटांनी माझ्या मते रेफरीचं फार मोठं काम केलं, ज्याचं नाव कुणी घेत नाही. 55व्या मिनिटाला एन्रिकेकडून मॅराडोनाला आपल्याच अर्ध्या मैदानात पास मिळाला. तिथून तो निघाला आणि बीअर्डस्ली, रीड, बुचर, फेनविक, पुन्हा बुचर आणि शेवटी शिल्टन अशा सगळ्यांना चुकवून त्याने गोल केला. साठेक मीटर, दहाएक सेकंद. आपण पाय बघतो मॅराडोनाचे. एकदा ती चित्रफीत रेफरीकडे बघत पाहा. बिन नासर यांनी सांगितलंय की आता याला पाडतील, आता शिट्टी मारावी लागेल, असं वाटत ते मागे धावत होते आणि ॲडव्हान्टेज देत राहिले, म्हणजे हल्ला करणाऱ्याचा फायदा राहावा म्हणून खेळ थांबवला नाही. मध्येच कुठे घाईने शिट्टी वाजली असती तर जगाला एक फ्री किक मिळाली असती आणि तो गोल मिळाला नसता. शिट्टी न वाजवणं हेही कौशल्य आहे, आणि ते शिकवायला सगळ्यात कठीण आहे. इंग्लंडकडून गॅरी लिनेकरने 81व्या मिनिटाला एक गोल परत केला, सामना 2-1 संपला.

सामन्याचा बॉल रेफरीकडे राहिला. 2022 मध्ये बिन नासर यांनी तो लंडनमध्ये लिलावाला काढला, 20 लाख पौंड आले. ज्या हॉजच्या पायावरून तो बॉल उडाला, त्याने सामन्यानंतर मॅराडोनाशी जर्सी बदलली होती. ती त्याच वर्षी 71 लाख पौंडांच्या वर गेली. मॅराडोना 2015 मध्ये ट्युनिशियात बिन नासर यांच्या घरी जाऊन त्यांना भेटला होता. दोचेव मात्र 2017 मध्ये गेले ते हा एक क्षण उराशी घेऊनच.

त्याच 22 जून 1986 ला, अझ्टेकातला सामना संपून थोड्याच वेळात पुएब्ला शहरात दुसरा उपांत्यपूर्व सामना सुरू झाला: स्पेन विरुद्ध बेल्जियम. 1-1 बरोबरी, पेनल्टी शूटआउटमध्ये (बरोबरी सुटली नाही तर दोन्ही संघ आळीपाळीने पेनल्टी मारतात) स्पेन 5-4 हरला. हे नीट लक्षात ठेवा, कारण इथून एका देशाच्या मागे ही तारीख लागली. 22 जून 1996, युरोपातल्या देशांची युरो स्पर्धा, लंडनचं वेम्बली, इंग्लंड विरुद्ध स्पेन, पुन्हा उपांत्यपूर्व. सामना 0-0. स्पेनच्या सालिनासचा एक चांगला गोल ऑफसाइड ठरवून रद्द झाला, रिप्लेमध्ये तो ऑफसाइड नव्हता. स्पेन पेनल्टीवर 4-2 हरला. आणि मग 22 जून 2002.

या सामन्यावर थोडा वेळ द्या, कारण यात शिकवण्यासारखा नियम आहे. ठिकाण दक्षिण कोरियातलं ग्वांग्जू, स्पेन विरुद्ध यजमान कोरिया. रेफरी इजिप्तचे गमाल अल-घंदूर. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला स्पेनचा एक गोल धक्का दिल्याबद्दल रद्द झाला. सामना 0-0 राहून जादा वेळेत गेला. तेव्हा 'गोल्डन गोल'चा नियम होता, म्हणजे जादा वेळेत पहिला गोल करील तो तिथेच जिंकला. 92व्या मिनिटाला स्पेनचा हुआकिन उजवीकडून थेट गोललाइनपर्यंत बॉल घेऊन गेला, त्याने क्रॉस टाकला, मोरिएन्तेसने हेड मारून बॉल जाळ्यात घातला. पण त्रिनिदाद आणि टोबॅगोचे सहायक रेफरी मायकल रगूनाथ यांचा झेंडा आधीच वर होता: क्रॉस टाकण्यापूर्वी बॉल लाइनबाहेर गेला. रिप्लेमध्ये दिसलं की बॉल पूर्ण बाहेर गेलाच नव्हता.

नियम असा आहे की अख्खा बॉल अख्ख्या लाइनच्या बाहेर जायला हवा, जमिनीवर असो वा हवेत. आपल्याकडची बहुतेक पोरं, आणि प्रामाणिकपणे सांगतो, बरेच प्रशिक्षकसुद्धा, बॉल जमिनीला जिथे टेकतो ती जागा बघतात. बॉलचा व्यास साधारण 22 सेंटिमीटर. म्हणजे तो फक्कीच्या बाहेरच्या कडेपासून 10 सेंटिमीटर पलीकडे टेकलेला असला तरी वरचा फुगीर भाग लाइनच्या वर असतो आणि बॉल खेळात असतो. मैदानात बॉल ठेवून, वरून उभं राहून आणि मग तिरप्या कोनातून पोरांना दाखवा. तिरपं पाहिलं की दहातली आठ पोरं 'बाहेर' म्हणतात. रगूनाथ यांची जागा अगदी लाइनच्या रेषेत नसेल तर त्यांनाही तसंच दिसणार. ही त्यांची बाजू मी घेतो. पण झेंडा वर करायचा तर खात्री हवी, शंका असेल तर हात खाली, हेही तितकंच खरं.

शूटआउटमध्ये पेनल्टी अडली ती त्याच हुआकिनची. कोरियाचा गोलकीपर ली वुन-जेने ती अडवली, हाँग म्युंग-बोने शेवटची मारली, कोरिया 5-3 ने जिंकला. स्पेन तिसऱ्यांदा त्याच तारखेला, त्याच फेरीत, पेनल्टीवर बाहेर. त्याच दिवशी जपानमध्ये ओसाकाला तुर्कस्तानच्या इल्हान मान्सिझने सेनेगलविरुद्ध 94व्या मिनिटाला गोल्डन गोल मारला. पुरुषांच्या वर्ल्ड कपमधला तो शेवटचा गोल्डन गोल. पुढे तो नियमच गेला.

22 जून 2008 ला व्हिएन्नात युरोच्या उपांत्यपूर्व फेरीत स्पेन इटलीशी 0-0 बरोबरीत राहून पुन्हा पेनल्टीवर आला, तेव्हा स्पेनमध्ये लोकांचा श्वास अडकला असणार. स्पेनचा गोलकीपर कासियासने दे रॉस्सी आणि दी नाताले यांच्या पेनल्टी अडवल्या, फॅब्रेगासने शेवटची आत घातली, 4-2. तिथून स्पेनने युरो 2008, वर्ल्ड कप 2010 आणि युरो 2012 असे तीन चषक उचलले. पोरांना ही साखळी फार आवडते, मी अनेकदा अनुभवलंय.

1974 च्या 22 जूनला पश्चिम जर्मनीत दोन गोष्टी झाल्या. हॅम्बुर्गमध्ये पूर्व जर्मनीने पश्चिम जर्मनीला 1-0 हरवलं, गोल युर्गन श्पारवासरचा. वर्ल्ड कपमध्ये दोन जर्मनींची ही एकमेव भेट. हरलेला संघच पुढे त्या वर्षी विश्वविजेता झाला, आणि गोल करणारा श्पारवासर 1988 मध्ये पश्चिमेकडे निघून गेला. याच्या पलीकडे यावर मला फार बोलायचं नाही, कारण त्याच दिवशी गेल्झनकिर्शनमध्ये जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

ब्राझील विरुद्ध झैरे, म्हणजे आजचा काँगो लोकशाही प्रजासत्ताक. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडून वर्ल्ड कपला आलेला हा पहिला आफ्रिकी संघ. पहिल्या सामन्यात स्कॉटलंडकडून 2-0, दुसऱ्यात युगोस्लाव्हियाकडून 9-0 असा हरलेला. सामना शेवटाकडे आला असताना ब्राझीलला गोलसमोर फ्री किक मिळाली. रोमानियाचे रेफरी निकोलाए रैनेया यांनी शिट्टी वाजवली, ब्राझीलचा खेळाडू अजून धाव घ्यायचाय, आणि झैरेच्या वॉलमधून (फ्री किक अडवायला उभ्या खेळाडूंच्या रांगेतून) म्वेपू इलुंगा सुटला, धावत आला आणि त्याने ब्राझीलचा बॉल सरळ दूर मारून दिला. रैनेयांनी यलो कार्ड दाखवलं. जग हसलं. पुढची कित्येक वर्षं 'बिचाऱ्यांना नियमही माहीत नव्हते' म्हणून ती चित्रफीत दाखवली गेली.

म्वेपूने बऱ्याच वर्षांनी सांगितलं की नियम मला चांगले ठाऊक होते. खेळाडूंना कबूल केलेले पैसे मिळाले नव्हते. 9-0 च्या पराभवानंतर हुकूमशहा मोबुटूची माणसं येऊन धमकावून गेली होती: ब्राझीलकडून तीनपेक्षा जास्त गोलांनी हरलात तर घरी परत येऊ नका. सामना 3-0 ने संपला. गंमत नव्हे, गणित बघा: ब्राझीलला पुढे जायला नेमके तीन गोल लागले, कारण स्कॉटलंडचा गोलफरक +2 होता आणि तो संघ एकही सामना न हरता एका गोलाने बाहेर पडला. म्हणजे त्या फ्री किकच्या वेळी भीती एकाच बाजूला नव्हती. रेफरी म्हणून रैनेयांचा निर्णय बरोबर होता. खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत बॉल मारून देणं याला ताकीदच. पण हा प्रसंग शिकवताना मी नव्या रेफरींना सांगतो की कार्ड दाखवा, हसू नका. समोरचा खेळाडू कुठल्या ओझ्याखाली ते करतोय हे शिट्टी वाजवणाऱ्याला कधीच पूर्ण कळत नाही.

ओझ्याचं निघालं म्हणून आंद्रेस एस्कोबार. 22 जून 1994, अमेरिकेतल्या पॅसाडीनाचं रोझ बोल, अमेरिका विरुद्ध कोलंबिया. आदल्या वर्षी अर्जेंटिनाला त्यांच्याच घरी 5-0 हरवलेला कोलंबियाचा संघ जग जिंकायला आला होता. 35व्या मिनिटाला डावीकडून आलेला क्रॉस अडवायला बचावपटू एस्कोबारने पाय लांबवला आणि बॉल आपल्याच गोलात गेला. कोलंबिया 2-1 हरला आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडला. एस्कोबार लपला नाही, मायदेशी परतला. आयुष्य इथेच संपत नाही, असं त्याने वर्तमानपत्रात लिहिलं. 2 जुलैला मेडेयीनमध्ये त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं. तो 27 वर्षांचा होता. 12 वर्षांच्या पोरांसमोर हे सांगावं का, असं तुम्हाला वाटेल. मी सांगतो, आवाज न चढवता, आणि त्यानंतर लगेच दुसऱ्या विषयावर उडी मारत नाही. आपल्या पेठांतल्या सामन्यांत आपल्याच गोलात बॉल घालणाऱ्या पोराला काय काय ऐकावं लागतं, हे तुम्ही आणि मी दोघांनीही पाहिलंय.

2004 च्या युरोतलं प्रकरण थोडक्यात. इटली, डेन्मार्क आणि स्वीडन तिघांचे 5 गुण झाले आणि आपापसातल्या सामन्यांतले गोल मोजायचा नियम लागू झाला. डेन्मार्क आणि स्वीडन 2-2 बरोबरीत राहिले तर इटली बाहेर, हे आधीच ठाऊक होतं. 22 जूनला स्वीडनने 89व्या मिनिटाला गोल करून नेमकी 2-2 बरोबरी केली. इटलीत संशयाचा धुरळा उठला, पण मला तो सामना पाहताना कधीही ठरवून खेळल्यासारखा वाटला नाही.

आता 22 जून 2006, श्टुटगार्ट, क्रोएशिया विरुद्ध ऑस्ट्रेलिया, 2-2. हा प्रसंग मी प्रत्येक नव्या रेफरीला सांगतो. इंग्लंडचे ग्रॅहम पोल, त्या काळातल्या उत्तम रेफरींपैकी एक. त्यांनी क्रोएशियाच्या 3 नंबरच्या योसिप शिमुनिचला 61व्या मिनिटाला यलो कार्ड दिलं. 90व्या मिनिटाला दुसरं दिलं. दोन यलो झाली की रेड दाखवून खेळाडूला बाहेर काढायचं असतं, पण रेड दाखवलं नाही. शिमुनिच खेळतच राहिला. सामना संपताना तिसरं यलो दिलं आणि तेव्हा कुठे रेड निघालं. झालं काय, तर दुसऱ्या वेळी पोल यांनी कार्डवर 3 नंबर लिहिला, पण ऑस्ट्रेलियाच्या रकान्यात. तिकडचा 3 नंबर क्रेग मूर होता. शिमुनिचचा जन्म कॅनबेराचा, बोलणं अस्सल ऑस्ट्रेलियन. समोर उभा राहून ऑस्ट्रेलियन इंग्रजीत वाद घालणारा माणूस, थकलेला मेंदू, आणि हात चुकीच्या रकान्यात गेला. दोन सहायक आणि चौथे रेफरी, कुणाच्याच लक्षात आलं नाही. पोल यांनी चूक मोकळेपणी मान्य केली आणि राष्ट्रीय संघांच्या मोठ्या स्पर्धा सोडल्या. म्हणून आमच्याकडे शिकवणं असं आहे: आधी संघाचा रंग, मग नंबर, मग मिनिट, आणि पेन खिशात जायच्या आत लाइनमनकडे एक नजर.

शेवटचा प्रसंग 22 जून 2018, सेंट पीटर्सबर्ग, ब्राझील विरुद्ध कोस्टा रिका. सामना 0-0 असताना शेवटच्या पंधरा मिनिटांत नेमार पेनल्टी बॉक्समध्ये पाठीमागे झुकत पडला आणि नेदरलँड्सचे रेफरी ब्योर्न कायपर्स यांनी पेनल्टी दिली. मग व्हिडिओ पाहणाऱ्या सहायक रेफरींकडून कानात सूचना आली, ते मैदानाच्या कडेला पडद्यापाशी गेले, पुन्हा पाहिलं आणि पेनल्टी रद्द केली. बचावपटूचा हात लागला होता, पण पडण्याइतका नाही. ब्राझीलने नंतर भरपाईच्या वेळेत कुतिन्यो आणि नेमार यांच्या गोलांवर 2-0 जिंकलं. बिन नासर यांना 1986 मध्ये जो दुसरा डोळा हवा होता, तो कायपर्सना मिळाला होता.

तुमच्या तासातली शेवटची 20 मिनिटं मात्र बोलण्यात घालवू नका. पोरांना मैदानावर न्या. एका पोराला शिल्टन करा, एकाला मॅराडोना, एकाने पेनल्टी बॉक्सच्या टोकावरून बॉल उंच उडवायचा. एक जण बॉक्सबाहेर, दोघांच्या पाठीमागे रेफरी म्हणून. एक जण टचलाइनवर झेंडा घेऊन. मैदान 68 मीटर रुंद आखलेलं असेल तर त्याच्यापासून पेनल्टी स्पॉट 34 मीटर लांब पडतो. मॅराडोना झालेल्या पोराला हळूच कानात सांगा, कधी हाताने मार, कधी डोक्याने. दहा वेळा उड्या मारायला लावा. प्रत्येक वेळी रेफरी आणि लाइनमन दोघांनी एकमेकांशी न बोलता कागदावर 'हात' किंवा 'डोकं' लिहायचं. मग जागा बदला आणि पुन्हा दहा. दोन्ही कागद शेवटी शेजारी शेजारी ठेवून पोरांनाच वाचायला द्या.